बापाच्या शेजारची जागा

छ्यानथांग
तायखांग पहिलं वर्ष, नववा महिना

लुओयांगला दोंग खाई यांच्या घरी जे कुणी असेल त्यांस,

पत्र एका रेशीमवाल्याच्या हाती देतो आहे. तो म्हणतो, लुओयांगच्या दफ्तरात दक्षिणेकडचे कागद वाचून दाखवणारे एक दोंग कारकून होते. बोलणं आमच्या बाजूचं, डाव्या भुवईवर वण. माझ्या वडिलांच्या डाव्या भुवईवर वण होता असं आई सांगते. मला आठवत नाही. ते गेले तेव्हा मी रांगत होतो.

मी दोंग तान. वडील आमच्या वू राज्याच्या वकिलाबरोबर लेखनिक म्हणून उत्तरेला गेले होते. भात कापणीला येतो म्हणाले होते. मग दोन्ही राजांचं फाटलं, नदीवरचे उतार बंद झाले आणि वकील, लेखनिक, भोई, सगळे तिकडेच अडकले. पस्तीस वर्षं झाली. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. कुणाकडे सापडली असती तर इथं माझी मान गेली असती आणि तिथं त्यांची.

या वसंतात उत्तरेच्या फौजेपुढे आमचं राज्यच बुडालं. गावातल्या जाणत्यांनी कपाळाला हात लावले. आईनं मात्र दुसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, "म्हणजे आता पलीकडे होड्या जाणार का?" जातात म्हटल्यावर म्हणाली, लिही.

तिनं दुसरं घर केलं नाही. मामांनी दोनदा स्थळ आणलं, दोन्ही वेळा तिनं मामांनाच दार दाखवलं. गावात तिला 'टाकलेली' म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण मी लहान होतो तेव्हा पोरं मला तोंडावरच म्हणायची, टाकलेलीचा तान. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. वडील जिवंत असतील तर त्यांना ठाऊक असावं, म्हणून लिहितो.

जिवंत असतील तर एवढंच कळवा की येतील का. नसतील तर कधी गेले ते कळवा. वाट किती बघायची याला काही माप असतं.

दोंग तान


लुओयांग
पहिलं वर्ष, बारावा महिना

दादा,

मी कोण हे आधी सांगायला हवं. मी दोंग शू, दोंग खाई यांचा मुलगा. तुमचा धाकटा भाऊ.

बाबा आठ वर्षांपूर्वी गेले. हिवाळ्यात छातीत कफ भरला. वैद्य येत होते, औषध चालू होतं. शेवटी पाणी मागितलं आणि शांतपणे गेले.

दक्षिणेत त्यांचं घर होतं हे मला माहीत होतं. माणसं होती हेही कानावर होतं. पण बाबा त्याविषयी बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू. बाबांना इथं आल्यावर दोन वर्षं पहाऱ्यात ठेवलं होतं. मग दफ्तरात घेतलं. परत जाता येणार नाही हे नक्की झाल्यावर वरिष्ठांनी पुढाकार घेऊन माझ्या आईशी त्यांचं लग्न लावलं. माझी आई चाई घराण्यातली. ती आहे, तब्येत बरी आहे, गुडघे तेवढे धरतात.

तुम्हाला बाबांविषयी काय सांगू? अक्षर फार सुरेख होतं. मेंढीच्या दुधाचं दही त्यांना जन्मभर रुचलं नाही. तुमच्याकडे चहाची पानं उकळून पितात ना, ती इथं मिळायची नाहीत, तर बाबा तुतीचा पाला उकळायचे, त्यात आलं आणि कांदा घालायचे, आणि प्रत्येक वेळी तोंड वाकडं करून म्हणायचे, "छे, आमच्याकडची चव नाही." आणि तरी पूर्ण वाडगा संपवायचे.

शहराच्या उत्तरेला टेकडीवर त्यांची विटांची कबर मी बांधली आहे. आत दोघांपुरती जागा आहे. ती उजवीकडे रिकामी ठेवली आहे. तुम्ही कधी आलात तर दाखवीन.

थोरल्या आईंना माझा नमस्कार सांगा. काय शब्दांत सांगायचं ते तुम्हीच ठरवा, मला सुचत नाही.

धाकटा भाऊ,
शू


छ्यानथांग
दुसरं वर्ष, तिसरा महिना

शू,

तुझं पत्र पोचलं. भाऊ आहे हे या वयात कळलं. माझ्या दाढीत पांढरे केस आहेत, आणि आता मला कुणी दादा म्हणालं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आईला सांगितलं. ती तळ्याकाठी मासळी पसरत होती. हातातली टोपली खाली ठेवली, हात धुतले आणि पेटीतून सुतकात नेसायचं तागाचं जाडं कापड काढलं. ते तिनं कधीच शिवून ठेवलं होतं. मीही तीन वर्षांसाठी ताग अंगावर घेतला. गावातले शहाणे म्हणाले, आठ वर्षांपूर्वीच्या मरणाचं सुतक आता कसलं धरता? मी म्हटलं, ऐकलं त्या दिवशी बाप मेला. त्याच्याआधी तो आमच्या घरात जिवंतच होता. आठ वर्षं आम्ही सणावाराला मासे खाल्ले, हसलो, माझ्या पोरीचं लग्न केलं. आता आठवलं की पुढ्यातलं ताट सरकवतो.

आईनं तुझं पत्र मला परत परत वाचायला लावलं. तुतीच्या पाल्याचं ऐकून तिला हसू आलं. मग म्हणाली, "कांदा? त्यांना कांदा घातलेला चालायचा नाही."

आता मुद्द्याचं. तू लिहितोस कबरीत दोघांपुरती जागा आहे, उजवी बाजू रिकामी आहे. ती कुणासाठी? तू बांधलीस तेव्हा तुझ्या आईसाठी बांधली असशील, त्यात तुझी चूक नाही. पण तुलाही शास्त्र माहीत आहे. आपल्यात बायको एकच. बाकीच्या कितीही चांगल्या असल्या तरी दासींच्या पंगतीतल्या. माझ्या आईला बापानं सोडचिठ्ठी दिली नाही, ती मेली नाही, तिनं घर सोडलं नाही. मग बापाच्या शेजारची जागा तिची.

मी तुझ्या आईला कमी लेखत नाही. पण माझ्या आईनं पस्तीस वर्षं 'टाकलेली' ऐकून घेतलंय. बापाच्या शेजारी ती निजली की सगळ्यांची तोंडं बंद. मला दुसरं काही नको. घर नको, जमीन नको, त्यांचं काही असलं तर तुलाच लखलाभ.

तुझा दादा,
तान


लुओयांग
दुसरं वर्ष, पाचवा महिना

श्री. दोंग तान यांस,

मायना बदललेला आपल्या लक्षात येईल. त्याचं कारण सांगतो.

दक्षिणेशी चाललेला पत्रव्यवहार अजून दफ्तरात उघडून वाचला जातो. येत्या वर्षी परगण्याचे गुणपारखी माझी पायरी ठरवणार आहेत. माणसाची वागणूक, घराणं, सुतकं त्यानं कशी पाळली, हे सगळं तोलून ते नऊ पायऱ्यांपैकी एक देतात, आणि ती बहुधा जन्मभर चिकटते. माझी तिसरी नक्की आहे असं सगळे धरून चालले होते. आता माझ्या पहिल्या पत्राची नक्कल त्यांच्यापुढे आहे. त्यात मी आपल्याला 'दादा' म्हटलं आहे आणि आपल्या आईंना 'थोरल्या आई'. आपण थोरले तर मी कोण? त्या थोरल्या तर माझी आई कोण? प्रश्न त्यांनी हसतहसत विचारला, पण विचारला.

मी ते सौजन्यानं लिहिलं होतं असं उत्तर दिलं. ते खोटं आहे. ते लिहिताना मला आनंद झाला होता. पण हे खाजगी व्यापाऱ्याच्या हातून धाडतो आहे म्हणून लिहू शकतो.

आपण मागता ती जागा मी दिली, तर माझी आई एका दिवसात दासी ठरते आणि मी दासीपुत्र. मग सहावी पायरी मिळाली तरी नशीब. माझं जाऊ द्या. साठीला आलेल्या बाईला मी काय सांगू? तीस वर्षं ज्यांच्या घरात तू मालकीण होतीस, तिथं आता उंबऱ्यापाशी बस?

बाबांनी आपल्यावर अन्याय केला असं मला वाटत नाही, आपल्या आईंवरही केला असं वाटत नाही. दोन राजे भांडले. पण त्याची भरपाई माझ्या आईकडून मागू नका, ही विनंती. सुतकाची जाहीर खबर परगण्याच्या कचेरीत देऊ नका. देवघरात काय करायचं ते करा, माझी ना नाही.

उत्तर व्यापाऱ्याच्याच हाती द्यावं.

दोंग शू


छ्यानथांग
दुसरं वर्ष, दहावा महिना

शू,

तुझं सौजन्य पोचलं.

मी उत्तर लिहिलं नाही, कारण आई आजारी होती. आठव्या महिन्यात ती गेली. ताप होता, उतरायचा, परत चढायचा. आता लिहितो आहे कारण आता लिहायलाच हवं.

बापाच्या सुतकात आईचं सुतक आलंय. अंगावरचा ताग तोच आहे, नवा शिवावा लागला नाही.

कचेरीत खबर देऊ नका म्हणालास. दिली. ज्या दिवशी ती गेली त्याच दिवशी दिली, 'दोंग खाई यांची पत्नी शेन हुई' असं लिहून. कारकुनानं विचारलं, कोण दोंग खाई, तो पळून गेलेला? मी म्हटलं, पळून गेला नाही, अडकला. त्यानं लिहून घेतलं. तुझी पायरी घसरत असेल तर मला वाईट वाटतं. पण तुला निदान घसरायला पायरी आहे. मला जन्मापासून अंगणच.

तुला वाटतं मी भरपाई मागतोय. मी तुझ्या आईकडून काही मागत नाही रे. मी माझ्या आईचं जे आहे ते मागतोय. तुझ्या आईचं पुढे काय, हा प्रश्न अवघड आहे, मान्य. पण तो मी निर्माण केला नाही.

नव्या वर्षात पाणी चढलं की शवपेटी होडीत घालून निघतो. नदी ओलांडून ग्वांगलिंगपर्यंत येईन आणि तिथं धक्क्याजवळ थांबेन. पुढे लुओयांगला यायचं तर कबर उघडायला तुझं हो लागेल. मी चोरासारखी भिंत फोडणार नाही. उत्तर ग्वांगलिंगला धाड. कितीही उशीर लागला तरी थांबतो. आमच्या घरात वाट बघायची सवय आहे.

तान


लुओयांग
तिसरं वर्ष, पहिला महिना

श्री. दोंग तान यांस,

आपल्या आई गेल्याचं कळून वाईट वाटलं. हे औपचारिक नाही.

आपण खबर दिलीत, ती इथवर आली आणि प्रकरण राजधानीच्या पंडितांपुढे गेलं. गेले दोन महिने आपल्या घराचं नाव मोठमोठ्या दिवाणखान्यांत गाजतं आहे. बाबांना हयातीत कुणी ओळखलं नाही, आता ते उदाहरण झाले आहेत.

एक पक्ष म्हणतो, दोन राज्यं म्हणजे दोन आभाळं. उतार बंद झाले त्या दिवशी लग्नही तुटलं. मेलेल्या माणसाशी आणि परतायची आशा नसलेल्या माणसाशी नातं सारखंच. दुसरा पक्ष म्हणतो, नवराबायकोचं नातं राजा-सेवकाच्या नात्यासारखं असतं. नदी आडवी आली म्हणून बायको सुटत असेल तर राजाही सुटतो. मग हा माणूस वूच्या राजालाही असाच सोडून आला म्हणायचा, आणि असल्या माणसाला आपण दफ्तरात कसं ठेवलं? आणि सुटली नाही म्हणावं, तर त्याची निष्ठाही दक्षिणेतच राहिली. म्हणजे वीस वर्षं आपले कागद शत्रूचा माणूस वाचत होता. बायको सोडली तर बेइमान, ठेवली तर हेर. बाबा मेल्यावरसुद्धा दोन घरचे पाहुणे, आणि दोन्हीकडे उपाशी.

एका संध्याकाळी मलाही बोलावलं होतं. यजमान हातातली चवरी हलवत म्हणाले, बायको, दासी, थोरली, धाकटी ही सगळी वरची नावं. सालं सोलत गेलात तर आत काही नाही, आणि त्या काही नसण्यातूनच सगळं उगवलं. सगळ्यांनी वाहवा केली. मी विचारलं, मग माझ्या आईला त्या काही नसण्याच्या कुठल्या बाजूला ठेवू, उजव्या की डाव्या? दोघंतिघं हसले. यजमान हसले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी शेजारच्याला हळूच विचारलेलं मी ऐकलं, हा कितव्या पायरीचा?

काल निकाल लागला. 'दोन्ही विवाह आपापल्या जागी योग्य. ज्यानं त्यानं आपापल्या आईचं सुतक धरावं.' कबरीबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे कबर ज्यानं बांधली त्याच्याकडे राहिली. गुणपारख्यांनी निरोप धाडला की आता अडचण उरली नाही, दोन दिवसांत घरी येऊन जातील.

निकालाप्रमाणे मला आपल्या आईंचं सुतक नाही. आपण ग्वांगलिंगहून परत जावं. मी हे ताठ मानेनं लिहीत नाही, पण लिहितो आहे. आईला अजून सांगितलं नाही, आज घरी जाऊन सांगणार. तिच्या जिवाला वर्षभर घोर होता.

दोंग शू


लुओयांग
तिसरं वर्ष, पहिला महिना, अखेर

दादा,

मागचं पत्र आणि हे बहुधा एकदमच हाती पडतील. आधी हे वाचा.

त्या दिवशी मी निकाल घेऊन घरी गेलो. दारातून हाक मारली, आई, सुटलो. ती आतून आली ती ताग नेसून. जाडाभरडा, कडा न शिवलेला, कमरेला दोरी. पायांत गवताच्या चपला. केसांतला काटाही लाकडाचा. ज्या सुतकात धाकटी थोरलीसाठी नेसते तो ताग. मला वाटलं, कुणी सांगणारं भेटलं नाही म्हणून तिचं चुकलं. मी तिला समजवायला लागलो की निकाल आपल्या बाजूनं आहे, आपापल्या आईचं सुतक आपापल्या मुलानं धरायचं, तुला काहीच धरायचं नाही, आणि हे कुणी पाहिलं तर तू आपल्या हातानं दासी ठरशील.

ती म्हणाली, "तुम्ही कागदावर काय लिहायचं ते लिहा. मी त्या बाईबरोबर तीस वर्षं संसार केलाय. ती गेली, आणि मी रंगीत कपडे घालून हिंडू?"

दादा, बाबा कसे गेले ते मी तुम्हाला नीट लिहिलं नव्हतं. पाणी मागितलं हे खरं. पण त्याआधी शेवटचे दिवस ते शुद्धीवर नव्हते, आणि सारखे 'हुई, हुई' करत होते. मी खोलीबाहेर होतो. मला वाटायचं वातात काहीतरी बडबडतायत. आई आत होती. त्यांनी हुई म्हटलं की ती 'ओ' द्यायची. दिवसभर, रात्रभर. आलेच, म्हणायची. इथंच आहे, म्हणायची. हे मला तिनं परवा सांगितलं. ते नाव कुणाचं, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. दरवर्षी नव्या वर्षाच्या दिवशी बाबा दक्षिणेला तोंड करून एक वाडगा ठेवायचे, आणि तो उचलून धुवायची हीच.

मी विचारलं, तुला राग नाही यायचा? म्हणाली, यायचा की. पण राग माणसावरच येतो ना? ती घरात होती म्हणून तर यायचा.

दुसऱ्या दिवशी गुणपारखी यायचे होते. मी रात्री ठरवलं होतं, आईला मागच्या खोलीत ठेवायचं, आजारी आहे म्हणायचं. दार बंद केलं तर कुणाला काय दिसणार? सकाळी त्यांची गाडी गल्लीत वळली. मी फाटकापर्यंत गेलो. मागं पाहिलं तर आई अंगणात चटईवर बसली होती, तुमच्या दिशेला तोंड करून, आणि ती खरंच रडत होती. कुणाला दाखवायला नाही. फाटक अजून बंद होतं.

मी परत आत गेलो. बाबांच्या वेळचा ताग काढला, चढवला आणि फाटक उघडलं.

ते आले, बसले, शोकाचे दोन शब्द बोलले. बोलताना आईकडे पाहत होते आणि माझ्याकडे पाहत होते. जाताना एकानं विचारलं, हे कुणाचं सुतक? मी म्हटलं, माझ्या थोरल्या आईचं. त्यानं मान हलवली. पायरी सहावी मिळेल असं कालपासून ऐकतो आहे. दफ्तरातली जागा जाईल, धान्यकोठारात पाठवतील. तिथं म्हणे चवरीवाले येत नाहीत, म्हणून वाईट वाटून घेत नाही. थोडं वाटतं.

शवपेटी घेऊन या. कबर उघडायला मी स्वतः उभा राहीन.

मात्र आईचा एक प्रश्न आहे, तो तिच्याच शब्दांत लिहितो. "तानला विचार, थोरली स्वतः काय म्हणाली होती? दोघं भाऊ वर्षभर तिच्यासाठी भांडलात, राजधानीतले सगळे भांडले. तिला कुणी विचारलं होतं का?"

तुमचा,
शू


ग्वांगलिंग
तिसरं वर्ष, तिसरा महिना

शू,

दोन्ही पत्रं एकदम मिळाली. आधी दुसरं वाचलं, तू सांगितलंस म्हणून. मग पहिलं वाचलं नाही. होडीवाल्याला चूल पेटवायला दिलं.

धाकट्या आईच्या प्रश्नाला उत्तर देतो. हा प्रश्न मला एवढ्या दिवसांत कुणी विचारला नाही. कारकुनानं नाही, भावकीनं नाही, तूही नाही. कुणी विचारू नये अशीच माझी इच्छा होती.

आईला मीच सांगितलं होतं. तापात पडली होती तेव्हा म्हटलं, काळजी करू नको, तुला बाबांच्या शेजारी नेऊन ठेवीन, कोण अडवतो बघतो. तिला ताप होता पण डोकं ठिकाणावर होतं. म्हणाली, "मला नेऊ नकोस. त्यानं यायचं होतं. नाही आला. नाही तर नाही. आता मी का उठून जाऊ त्याच्या दारात?" मी म्हटलं, अगं, ते अडकले होते. म्हणाली, "माहीत आहे मला. तरी नाही जायची." मग थोड्या वेळानं म्हणाली, मला आपल्या टेकडीवर ठेव, पाठ उत्तरेला कर. आणि अगदी शेवटी, वैतागून, जसं शेजारणीला उसनं भांडं देताना म्हणावं तसं, "आणि तिथं जी आहे तिला म्हणावं, घे. ज्यानं आजारपण काढलं, जागा त्याची."

शू, आईनं मरताना एक गोष्ट सांगितली आणि मी तिच्या भक्तीपायी तिच्याच उलट वागलो. नको म्हणत असताना तिला होडीत घातलं, नदी ओलांडली, इथं परक्या धक्क्यावर दोन महिने पेटी घेऊन बसलो. मी स्वतःला सांगत होतो की ती रागानं बोलली, तिचा खरा मान शेजारच्या जागेतच आहे. खरं सांगू? जागा मला हवी होती. 'टाकलेलीचा तान' मला पुसायचा होता. आईला त्याचं काही नव्हतं. तिनं ते केव्हाच झटकून टाकलं होतं, धरून मीच बसलो होतो.

आणि पुसायला कबर लागलीच नाही. लुओयांगहून येणाऱ्या होड्यांवरून बातमी तुझ्या पत्राआधीच इथं पोचली होती. धक्क्यावरचा एक म्हातारा हमाल येऊन पेटीला नमस्कार करून गेला. म्हणाला, हीच ना ती बाई, जिच्यासाठी दुसरीनं ताग नेसला? बायको ती हीच तर. मी मान खाली घालून रडलो. पंडितांच्या निकालानं जे झालं नसतं ते तुझ्या आईनं अंगणात चटईवर बसून केलं.

उद्या पेटी घेऊन परत निघतो. ती म्हणाली तिथंच ठेवतो, पाठ उत्तरेला.

आता दुसरं. तू फाटक उघडून सगळ्यांदेखत तिला थोरली म्हणालास, म्हणजे मी थोरल्या घरचा मुलगा झालो आणि बापाच्या कबरीची किल्ली माझ्याकडे आली. शास्त्र तसंच म्हणतं, हवं तर विचार कुणालाही. तर कर्ता म्हणून मी हे सांगतो आहे, विनंती नाही. बापाच्या शेजारची उजवी जागा धाकट्या आईची. ती जाईल तेव्हा मी येईन आणि तिचं सुतक पुरं धरीन, आईचं धरलं तसंच. कुणी म्हणालं की दासीला ती जागा शोभत नाही, तर माझ्याकडे पाठव. नाव माझ्या आईला मिळालं, जागा तुझ्या आईला. तुझ्या त्या चवरीवाल्यांना म्हणावं, जमलं तर यावर बोला.

पण तिला घाई करू नको म्हणावं. मी हे सुतक संपलं की येणार आहे. भाऊ एकदा तरी डोळ्यांनी बघायचा आहे, सहाव्या पायरीवरचा का असेना.

सोबत चहाची पानं पाठवतो आहे. आमच्याच डोंगरावरची, आईनं मागच्या वसंतात वाळवलेली, आता तिच्या हातची एवढीच उरली. धाकट्या आईला सांग, आलं घाल. कांद्याचं मात्र मला कळत नाही. आई म्हणायची त्यांना कांदा घातलेला चालायचा नाही. तू लिहितोस ते कांदा घालूनच प्यायचे. तुझ्या आईला विचारून कळव. आता तिच्याशिवाय सांगणारं कुणी उरलं नाही.

तुझा दादा,
तान